न्हाणीघराची बखर

इतिहास लिहिणाऱ्या मंडळींबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या एका खोडीचा राग येतो. ही माणसं राजाच्या मागोमाग दरबारात जातात, रणांगणात जातात, शिकारीला जातात, प्रसंगी जनानखान्याच्या दारापर्यंतही जाऊन येतात. पण राजा पंचा खांद्यावर टाकून न्हाणीघराकडे वळला, की हे लोक शिष्टाचार म्हणून बाहेरच थांबतात. त्यामुळे पानिपतावर तोफा किती होत्या यावर ग्रंथ सापडतील; पण १७६१ च्या त्या संक्रांतीच्या थंडीत एवढी माणसं आंघोळ करत होती का, आणि करत असतील तर पाय घासायची वज्री कुठं ठेवत होती, यावर चकार शब्द सापडायचा नाही. इतिहासाची ही बाजू अगदीच कोरडी राहून गेली आहे.

ती थोडीशी ओली करावी असं मनात यायला कारण झालं आमच्या शहरातल्या फ्लॅटचं न्हाणीघर. चार फूट बाय सहा फूट. घरात माणसं चार आणि या खोलीत बाटल्या सतरा. एक बाटली केस धुण्याची. दुसरी, धुतल्यामुळे रुसलेल्या केसांची समजूत काढण्याची. तिसरी, समजूत काढलेल्या केसांना वळण लावण्याची. तोंड धुवायचं द्रव्य वेगळं, अंगाचं वेगळं. तोंडाचं मानेला चालत नाही. त्याची हद्द हनुवटीपाशी संपते आणि तिथून पुढे दुसऱ्या बाटलीचं राज्य लागतं. टाचांसाठी निराळी नळी आहे, कोपरांसाठी काय आहे ते अजून मला सांगण्यात आलेलं नाही. या सगळ्या पसाऱ्यात माझ्या मालकीची वस्तू एकच, साबणाची वडी. ती खिडकीच्या कठड्यावर, भाड्यानं राहिल्यासारखी अंग चोरून बसलेली असते.

हा पसारा आवरावा म्हणून मुलीनं रबरी वाट्यांनी भिंतीला चिकटणारी एक मांडणी आणली. "बाबा, याला खिळा लागत नाही, काही नाही. नुसती दाबायची." दाबली. चिकटली. दिवसभर चिकटूनही राहिली. रात्री अडीच वाजता मात्र सतरा बाटल्यांसकट ती अशा आवाजानं खाली आली, की खालच्या मजल्यावरचे जोशी पायात चपला घालून, हातात बँकेची पासबुकं घेऊन जिन्यातून मैदानात जाऊन उभे राहिले. भूकंपात काय वाचवायचं हे त्यांचं आधीपासून ठरलेलं असावं.

त्या रात्री फरशीवरून बाटल्या गोळा करता करता माझ्या मनात आलं: आमच्या केदारखेड्याच्या घरात दोन चुलते, आजी-आजोबा आणि पोरंसोरं धरून चौदा माणसं रोज आंघोळ करत होती. त्यांचं सामान कुठं होतं?

केदारखेडा हे आमचं मूळ गाव. जालन्याहून भोकरदनकडे निघालं आणि राजूरचा गणपती मागे टाकला, की लागतं. तिथं आमच्या अंगणात, घराच्या भिंतीलगत न्हाणीचा दगड होता. दगडाशेजारी भिंतीत एक देवळी. पुण्याकडचे लोक तिला कोनाडा म्हणतात. हातभर रुंद, वीतभर खोल. या देवळीत चौदा माणसांचं आंघोळीचं सामान मावायचं, आणि मावून उरलेल्या जागेत रात्री चिमणी ठेवायचे. सामान म्हणजे काय, तर एक वज्री, एक साबण आणि आजोबांची दंतमंजनाची डबी. घंगाळ, तांब्या खाली दगडापाशी. टॉवेल नावाची वस्तू नव्हती. आजोबांचा पंचा खुंटीला असायचा आणि बाकीचे उन्हात उभे राहून वाळायचे.

बाकीचं सामान कुठं होतं, याचा मी बराच विचार केला आणि एक शोध लागला. ते स्वयंपाकघरात होतं! डाळीचं पीठ, हळद, दूध, साय, गोडं तेल, लिंबू. ज्या डब्यातल्या पिठाचं पिठलं व्हायचं, त्याच डब्यातलं चिमूटभर पीठ दिवाळीत अंगाला लागायचं. शिकेकाई तेवढी खायची नव्हती, पण तीही फडताळात कोरडीच पडून असायची आणि आठवड्यातून एकदा चुलीवर उकळायची. म्हणजे जुन्या काळी आंघोळीचं सामान ठेवायचं कुठं हा प्रश्नच नव्हता. माणूस आणि वांगं यांना लागणारा मसाला थोड्याफार फरकानं एकच होता.

आता तुम्ही म्हणाल, हे खेड्यातलं झालं, थोरामोठ्यांचं काय? तर त्यासाठी फार लांब जायला नको. आमचं तालुक्याचं गाव भोकरदन. आज तिथं बसस्टँडवर चहा पिताना पटायचं नाही, पण हे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर ज्या दात्यांची नावं कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून तिथं उत्खनन केलं. दख्खनमधल्या सातवाहनकाळच्या गावांची माती उकरली, की भाजक्या मातीच्या वज्र्या हटकून सापडतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही आमच्याकडच्या माणसांच्या टाचा अशाच होत्या. मला तरी हे वाचून फार आपुलकी वाटली. राजघराणी बुडाली, भाषा बदलली, पण टाच जागची हलली नाही.

भोकरदनच्या उत्खननात एक हस्तिदंताची मूर्तीही मिळाली आणि तिनं विद्वानांना एकदम इटलीत नेलं. कारण १९३८ साली पाँपेईच्या अवशेषांत वीतभर उंचीची एक हस्तिदंती बाई सापडली होती. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं ते शहर राखेत गाडलं, तेव्हापासून ही तिथं पडून होती. घडण निखालस भारतीय. अंगावर दागिने भरपूर आणि बाकी काही जवळजवळ नाहीच. आधी तिला लक्ष्मी म्हणाले. पुढं ती आरशाची मूठ असावी असाही तर्क निघाला. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात असते. भोकरदनची मूर्ती हिच्याशी इतकी जुळते, की पाँपेईची बाई आमच्याच बाजूची असावी असं काही अभ्यासकांना वाटतं. तसं असेल, तर आमच्या तालुक्यातून परदेशी गेलेली आणि तिथंच राहिलेली ही पहिली व्यक्ती.

पण माझं लक्ष त्या बाईकडे नाही. (आमच्या घरातल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) माझं लक्ष आहे तिच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन लहानशा दासींकडे. त्यांच्या हातांत प्रसाधनाची भांडी आहेत. बस, प्रश्न सुटला! त्या काळची मांडणी म्हणजे दासी. डावीकडे एक, उजवीकडे एक. खिळा लागत नाही, रबरी वाटी लागत नाही, आणि रात्री अडीच वाजता कोसळतही नाही.

पुढं हजारेक वर्षांनी कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजानं काय काय उपभोगावं याची त्यात यादी आहे आणि तीत स्नानाला स्वतंत्र मान आहे. सुगंधी तेलं, मर्दन, उटणी, सगळं सविस्तर. फक्त या कुप्या ठेवाव्यात कुठं याची चिंता राजाला पडलेली दिसत नाही. पडेल कशी? हात पुढं केला की कुपी हातात येत असणार. ज्याच्याकडे देणारी माणसं आहेत, त्याला फळी लागत नाही, हा सिद्धांत मी इथं नम्रपणे मांडून ठेवतो.

फळीची खरी गरज निर्माण केली ती साबणानं. शिकेकाई देवळीत वर्षभर पडली तरी तिचं काही बिघडत नाही. साबण मात्र ओला, घसरडा, झिजणारा आणि वर वास मारणारा. स्वयंपाकघरात त्याचा काही उपयोग नाही आणि देवघरात त्याला प्रवेश नाही. विलायती साबण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या बंदरात उतरला. १८९५ साली लाइफबॉय आला. मग त्यात चरबी असते यावरून सोवळ्यातली मंडळी बिथरली. १९१६ साली म्हैसूर संस्थानानं बंगलोरला साबणाचा सरकारी कारखाना काढला, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच मुंबईला अर्देशिर गोदरेज यांनी चरबीला फाटा देऊन वनस्पतींच्या तेलाचा साबण आणला. स्वराज्याची चळवळ अशी अंगाला लावून धुता येऊ लागली.

आमचा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात. त्यामुळे साबण गावात आला तो पाहुण्यासारखा, आणि त्याला वागणूकही पाहुण्याचीच मिळाली. आजोबा साबण विकत आणत आणि आजी तो ट्रंकेत कपड्यांच्या घडीत ठेवी. एक तर कपड्यांना वास लागायचा, आणि दुसरं, वाळलेला साबण कमी झिजतो. वापरातली वडी देवळीत आली, की तिच्यावर कावळ्यांचा डोळा. साबण पळवणारा कावळा ज्यानं पाहिला नाही, त्याचं बालपण वाया गेलं. वडीची झिजून पापडी झाली, की ती नव्या वडीच्या पाठीवर चिकटवायची. अशा रीतीनं आमच्या घरातला साबण कधी संपलाच नाही. नदी जशी तीच राहते आणि पाणी बदलतं, तसा तो वंशपरंपरेनं चालू राहिला.

१९७० नंतरच्या दशकात दिवाळीला गोल, पेढ्यासारखा मोती साबण आला. दिसायला देखणा, वास राजेशाही, पण ठेवायच्या दृष्टीनं इतकी गैरसोयीची वस्तू मानवानं क्वचितच बनवली असेल. चौकोनी वडी बसते, गोल साबण निघतो. नरक चतुर्दशीच्या पहाटे अंधारात, थंडीनं कुडकुडत, तो देवळीतून सुटलेला साबण अंगणभर शोधताना आम्ही पोरांनी नरकासुराच्या शेवटच्या क्षणांचा अनुभव घेतला आहे.

आणि शाम्पू? तो तर आपलाच. चांपणे, म्हणजे अंग चेपणे, या आपल्या शब्दाचं ते पोर. पाटण्याकडचा शेख दीन महंमद नावाचा गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटनला गेला, तिथं त्यानं वाफेची न्हाणीघरं काढली आणि चौथ्या जॉर्ज राजाचं अंग चेपण्यापर्यंत मजल मारली. आपण इंग्रजांना चेपलं ते इतकंच. तो शब्द तिकडं अंगावरून डोक्यावर चढला आणि बाटलीत बसून परत आला. आमच्या खेड्यांत तो शिरला तो मात्र बाटलीतून नव्हे, पुडीतून. १९८३ साली तामिळनाडूत चिक शाम्पूच्या पुड्या निघाल्या आणि बघता बघता पुड्यांच्या माळा प्रत्येक किराणा दुकानाच्या तोंडावर लोंबायला लागल्या. शहाण्यांना वाटतं ही धंद्याची युक्ती. मला वाटतं ही मांडणीची युक्ती. ज्या घरात बाटली ठेवायला जागा नाही, त्या घराची फळी वाण्यानं आपल्या दुकानात टांगली!

आंघोळीचं सामान जपून ठेवणारा सर्वांत मोठा माणूस कोण विचाराल, तर महात्मा गांधी. साबणाऐवजी ते एक खरबरीत दगड वापरत. तो मीराबेननी दिलेला होता. १९४७ च्या जानेवारीत नोआखालीच्या पदयात्रेत तो दगड मागच्या गावात राहिला. गांधीजींनी मनूबेनना तो आणायला परत पाठवलं, आणि तेही एकटीला, दंगलींनी होरपळलेल्या मुलखातून. ज्या झोपडीत राहिला होता, तिथल्या म्हातारीनं तो साधा दगड समजून फेकून दिला होता. मनूबेननी शोधून आणला. देश फुटायच्या बेतात, माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली, आणि हा म्हातारा पाय घासायच्या दगडासाठी अडून बसलेला! लहानपणी हे ऐकून मला हसू यायचं. आता वाटतं, जिथली वस्तू तिथं ठेवावी हा आग्रह धरणारा त्या दिवसांत तो एकटाच उरला असेल.

हे सगळं मी एकदा केदारखेड्याला गेलो असताना ओसरीवर बसून सांगत होतो. भोगवर्धन, पाँपेई, सोमेश्वर, सगळं. काका झोपी गेले. काकू मात्र शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ते समदं खरं लेकरा. पण त्या देवळीत माहं काय होतं?"

मी आठवू लागलो. वज्री, साबण, दंतमंजन. दगड अंगणात, देवळी अंगणाच्या भिंतीत. अंगणात आंघोळ करायचे आजोबा, काका आणि आम्ही पोरं. काकूंचं त्या देवळीत काहीच नव्हतं.

घरातल्या बायांची न्हाणी होती परसात. तीन बाजूंनी पऱ्हाट्यांचा आडोसा आणि चौथ्या बाजूला एक जुनं लुगडं. वर आभाळ. आंघोळ गडीमाणसं उठायच्या आत, अंधारात उरकायची. पऱ्हाटीच्या काडीवर काही ठेवता येत नाही. त्यामुळे साबणाचा तुकडा पदराच्या गाठीला बांधून न्यायचा आणि तसाच परत आणायचा. ओलं लुगडं अंगावर, कोरडं आडोशावर, आणि कान पावलांच्या आवाजाकडे. "शिकेकाई लावायची तं एक जण पहाऱ्याला उभी राहायची," काकू सांगत होत्या. "तुही माय उभी राहायची माह्यासाठी, अन् मी तिच्यासाठी." त्या हसून सांगत होत्या, म्हणून मीही हसलो, पण पाँपेईच्या त्या दोन दासी मला एकदम वेगळ्या दिसायला लागल्या.

१९७२ च्या दुष्काळात तर तोही आडोसा गेला. पूर्णा कोरडी, विहिरी कोरड्या, बैलांच्या पुढं टाकायला काही नाही आणि चुलीत घालायला काही नाही. पऱ्हाट्या चुलीत गेल्या. घागरभर पाण्यासाठी अर्धा दिवस जायचा, त्यात घरची चौदा माणसं. त्या वर्षी बायांनी आंघोळी कशा आणि कधी केल्या, हे आम्हा पुरुषांपैकी कुणालाच सांगता येत नाही. आम्ही विचारलंच नव्हतं. इतिहासकार राजाच्या न्हाणीघराबाहेर शिष्टाचार म्हणून थांबले असतील. इथं तर थांबायला दारही नव्हतं.

२०११ च्या जनगणनेत सरकारनं घरोघर जाऊन आंघोळीची सोय काय, हा प्रश्न विचारला. उत्तराचे रकाने तीन: न्हाणीघर, छप्पर नसलेला आडोसा, किंवा काहीच नाही. ग्रामीण भारतातली निम्म्याहून अधिक घरं तिसऱ्या रकान्यात जमा झाली. माझ्या माहितीत एवढं धीट सरकारी कोष्टक दुसरं नाही. आमच्या सगळ्या बखरीनं जे सांगितलं नाही, ते त्या तीन रकान्यांत आहे. साबण कुठं ठेवावा, बाटल्या उभ्या लावाव्यात की आडव्या, हे प्रश्न पहिल्या रकान्यातल्या माणसांना पडतात. फळीला आधी भिंत लागते. आणि भिंत घरात सर्वांत शेवटी कुणाच्या वाट्याला येते, हे कळायला जनगणनाही लागत नाही.

काही वर्षांपूर्वी चुलतभावानं परसात पक्कं न्हाणीघर बांधायला घेतलं. विटांचं, सिमेंटचं, वर पत्रे. गवंड्यानं विचारलं, फरशी कोणती, रंग कोणता, सामानाला कडप्प्याची फळी किती लांब ठेवू? घरात प्रत्येकाचं मत पडलं. सुनेला आरसा हवा होता, नातवाला फवारा हवा होता. काकूंना विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?" तर त्या म्हणाल्या, "मले आतून कडी पाहिजे. चांगली जाड."

कडी बसली. गवंड्यानं हौसेनं फळीही चांगली तीन फूट ठेवली. परवा मी पाहिली. तिच्यावर काकूंचं सामान म्हणजे एक वज्री, एक साबण आणि शिकेकाईचा डबा. बाकी अडीच फूट फळी मोकळी. काकू सकाळी आत जातात ते चांगलं ऊन वर आल्यावर. कडी लागल्याचा खट्‌ असा आवाज ओसरीपर्यंत येतो. मग काका बाहेरून ओरडतात, "अगं, किती वेळ? चहा निवाला!"

आतून उत्तर येत नाही. नुसता तांब्याचा आवाज येत राहतो.